ही नाही, पुढची

रात्रपाळीच्या वहीत पाच रकाने:
वेळ, जागा, वर्णन, कारण, कारवाई.
चौथ्यापाशी माझं पेन गोठतं.
उणे एकतीसला पेनं गोठतातच म्हणा.

विनिपेग. पोर्टेज अव्हेन्यूवरचा काचेचा बसथांबा.
छताला हीटर. बटण दाबलं की
आठ मिनिटं लाल होतो, मग त्याचं मन फिरतं.
बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा आहे,
हात टेकायला, असं महापालिकेचं पत्रक सांगतं.
आडवं होऊन बघा, नेमका बरगडीत येतो.

तिथं लॉर्ना बीअर्डी असते.
अंगात दोन कोट, डाव्या पायात पुरुषी बूट,
उजव्या पायात त्याहून मोठा.
बस येते. दार फुस्स करतं, ऊब बाहेर सांडते,
ड्रायव्हर मान तिरकी करून बघतो.
लॉर्ना वेळापत्रकाचा बोळा उलगडते,
बोटानं ओळ शोधते, आणि सांगते,
"ही नाही, पुढची."

नोव्हेंबरपासून पुढची.

मला विचारायचा अधिकार आहे. पिवळं जॅकेट,
खांद्यावर खरखरणारा रेडिओ, छातीवर नाव.
"बाई, इथं विनाकारण थांबता येत नाही."
ती नाव वाचते. "ओरेस्ट, वर बघ."
वर पाटी: बस थांबा.
"बस, हे मला," ती म्हणते,
"आणि थांबा, हे तुला. साहेब आहेस ना."

खोटं कशाला बोलू,
ऑक्टोबरात याच काचेआड मारिसेलला
एका पोरानं ढकललं, फोन हिसकला.
मनगट मोडलं. ती नर्स आहे,
दुसऱ्यांची मनगटं धरून नाडी मोजते.
आता दोन थांबे पुढं चालत जाते,
मुठीत किल्ली, टोक बाहेर.
सभेत उभी राहिली, म्हणाली,
"मला कुणाचं वाईट करायचं नाही.
मला फक्त घरी पोचायचंय."
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या,
आणि त्या खऱ्या होत्या.

औषधवाल्यानं तिसऱ्यांदा काच बसवली
आणि दारावर भोंगा. रात्रभर व्हायोलिन,
कुणाचं बूड टिकू नये म्हणून.
लॉर्ना हातमोज्यातून ताल धरायची.
"तुकडा बरा आहे रे," म्हणायची,
"मधे खरखर येते तेवढी सोडली तर."

जानेवारीत चार माणसं आली.
काचा काढल्या, हीटर काढला,
बाक दांड्यासकट उचलून ट्रकवर ठेवला.
सुरक्षिततेसाठी, असं नवं पत्रक.
राहिला खांब. राहिली पाटी.
तिच्यातला पहिला शब्द
आता कुणाच्या उपयोगाचा नव्हता.

तीन रात्री ती खांबाला टेकून उभी होती.
चौथ्या रात्री नव्हती.

मी निवाऱ्यात विचारलं. भरलाय, म्हणाले,
नावं लिहीत नाही.
दवाखान्यात विचारलं. तुम्ही कोण तिचे?
या प्रश्नालाही एक रकाना असणार, मी फोन ठेवला.

आज पाळी संपवून मीच खांबापाशी उभा आहे.
मारिसेल परत या थांब्यावर येऊ लागलीय.
मनगटाला अजून पट्टा. माझ्यापासून दहा पावलांवर,
मग पाच, वाऱ्यामुळे.
काच गेली, आता कसं वाटतं, मी विचारतो.
ती बराच वेळ रस्त्याकडे बघते.
"थंडी वाजते," म्हणते.
मग, "ती बाई कुठं गेली? बुटांची?"

भोंग्यातलं व्हायोलिन खरखरीपाशी येतं
आणि आम्ही दोघं, का कोण जाणे, ती ओलांडेपर्यंत गप्प.

बस येते. मारिसेल चढते,
पायरीवरून वळून बघते.
ऊब माझ्या चेहऱ्यावर येऊन निघून जाते.
ड्रायव्हर मान तिरकी करतो.

पहाटेचे चार वीस. वर्णन: पुरुष, वय बावन्न.
घरी जायची हीच बस आहे माझी.

"ही नाही," मी म्हणतो.