पिवळी वायर

अजनीच्या पुलावरून मेडिकलकडे वळताना
एक खड्डा आहे. दिवाळीला बुजतो,
होळीपर्यंत परत येतो.
त्यात डावं चाक गेलं
की माझ्या गाडीचा स्टीरिओ बोलायचा.
बाकी रस्ताभर खरखर.
मग मी डॅशबोर्डवर थाप मारायचे,
घड्याळाच्या खाली, चार बोटं उजवीकडे.
तीन वर्षांत हाताला जागा पाठ झाली होती,
झिरोच्या बल्बमध्ये
बाळाच्या पायाची शीर सापडते, तशी.

मे महिन्यात तो खड्ड्यातही बोलेना.
वॉर्डामागच्या बिनसावलीच्या भिंतीशी
गाडी आठ आठ तास तापायची,
स्टिअरिंग ओढणी गुंडाळून धरावं लागे.
एका सकाळी स्क्रीनवर काळं पसरलं,
दौत लवंडल्यासारखं.
एका कोपऱ्यात तेवढी वेळ उरली: सात बावन्न.
म्हणजे सात एक्केचाळीस.
घड्याळ अकरा मिनिटं पुढेच होतं,
गाडी घेतली तेव्हापासून.
मी ते कधी लावलं नाही.

सदरला, सीटकव्हरांच्या ढिगाऱ्यामागे
गुणवंत हेडाऊचं दुकान.
त्यानं फटीत प्लास्टिकची पट्टी सारली,
टक् टक् क्लिपा सुटल्या.
"कंपनी फिटिंग हाये जी. याचा पार्ट
आता येऊनच नाही राहिला.
टाका उन्हानं उडाला. लावून देतो म्हणा,
पण पावसाळा काढन का, सांगता नाही येत."

डबा बाहेर आला. मागच्या पोकळीत
शेंगांची टरफलं, चार आण्यांचं एक नाणं,
आणि निळी पट्टी, बाळांच्या मनगटाला आम्ही बांधतो ती.
नाव उडालेलं.
माझ्याच एप्रनच्या खिशातून पडली असणार.
कधी, कुणाची, आठवेना.
बाकीचं त्यानं झाडून टाकलं, पट्टी मी पर्समध्ये ठेवली.

वायरींचा गुंता त्यानं बोटांवर पसरला.
"आजा मागावर होता आमचा, गोळीबार चौकात.
ही लाल. चावी फिरवली का जागी होते.
ही पिवळी झोपतच नाही.
गाडी बंद असो, तुम्ही घरी असा,
हिच्यात जीव राह्यते.
हिच्याच भरवशावर वेळ ध्यानात राह्यते डब्याच्या."
"नाइट ड्युटी," मी म्हणाले.
"हाव," तो म्हणाला,
आणि आधी तीच कापली.

कोपऱ्यातली वेळ विझली.
कूलर घरघरत राहिला.

नवा सेट साडेसहा हजारांचा,
घासाघीस करून सहाला,
वर त्यानंच तर्री-पोहे मागवले.
कंपनीचं भोक कंपनीच्याच मापाचं,
म्हणून काळी फ्रेम लावली, तरी उजवीकडे
नखभर फट राहिलीच.
निघताना मी जुना मागितला.
"काहून जी? भंगारात वीस रुपये नाही येणार."
घड्याळ चांगलं आहे त्याचं, म्हटलं.
तो हसला नाही. पॉलिथिनमध्ये गुंडाळून दिला.

आता आवाज स्वच्छ आहे,
जरा जास्तच.
बातम्या वाचणारी मध्ये श्वास घेते तोही ऐकू येतो.
वेळ थेट आकाशातून येते,
सेकंदाची चूक नाही.
आणि या महिन्यात चारदा मी उशिरा पोचले.
सोमकुंवर सिस्टरनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं,
बोट ठेवलं, बोलल्या काही नाहीत.
काय सांगणार,
की माझी अकरा मिनिटं
फ्रिजवर पडून आहेत पॉलिथिनमध्ये?

खड्ड्यापाशी हात अजून उठतो.
त्याच जागी पडतो, आता तिथे काच आहे.
नकाशा उघडतो, आणि एक परकी बाई
गोड आवाजात विचारते, कुठे जायचं आहे?

मेडिकल, बाई.
आणखी कुठे.