अंगठा

मिऱ्याच्या वाटेवर, बर्फाच्या कारखान्यामागे
इब्राहिम सोलकरांची भट्टी.
दारात ट्रॉलरचे मोडके पंखे, एकावर एक,
पात्यांना अजून शिंपले चिकटलेले.
मी पंचात गुंडाळून आणलेली बाई उलगडली:
हातभर उंच, मेणाची,
कातळावर उकिडवी, कालवं फोडणारी.

वाटलं, डौल बघतील.
त्या पाठीच्या बाकापायी दोन महिने झोप नव्हती.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला
आणि फक्त हात पाहिला.
"कुठं बघितलात असं?"
फोटोत, म्हटलं.
"मग फोटोवाल्यानं सांगितलं असंल, इकडं बघ.
आंगठा असा धरला तर पयल्याच कालवाला रगात.
आमची हमीदा चाळीस वर्सं फोडते."
आणि रिकाम्या मुठीत
नसलेली कोयती धरून दाखवली.

चहाच्या स्टोव्हवर मी चमचा तापवला,
अंगठा मऊ केला, आत वळवला.
बाई एकदम कामाला लागली.
मग पाठही जराशी खोटी दिसू लागली.
ती तशीच ठेवली.

माती, शेण, भाताचा कोंडा. पुन्हा माती.
पाचव्या दिवशी साचा उलटा धरून शेकला
आणि ती निघून गेली
पिवळ्या धारेनं, पत्र्याच्या डब्यात.
कुठला थेंब पाठीचा, कुठला अंगठ्याचा,
मलाही सांगता आलं नसतं.
"मेण परत न्या," सोलकर म्हणाले,
"फुकट कशाला घालवायचं."

मुशीत पंखे वितळत होते.
कासम चिमट्यानं एकेक सोडताना नाव घेत होता,
जेट्टीवर होड्या मोजतात तसा:
जलपरी. अल-मदीना. दर्यादौलत.
हिरवट ज्वाळ. मळी बाजूला.
मग ओतलं. कुणी बोललं नाही.
साच्यानं एक उचकी दिली,
वाऱ्याच्या भोकातून लाल थेंब वर आला.
"पोचलं," सोलकर म्हणाले.
कुठवर, ते नाही सांगितलं.

पंखा असता तर संध्याकाळी फोडला असता.
हिला उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

एस्टीत डबा मांडीवर.
मेण थिजलेलं, वर भट्टीची राख.
भाट्याच्या पुलाखाली ओहोटी,
चिखलात वाकलेल्या बाया.
एवढ्या उंचावरून अंगठे दिसत नाहीत.
कंडक्टर सुटे मागत होता,
आणि माझी मूठ वळलेली,
आत काही नसताना.