घोडे बघायला

आमच्याकडे लघवीला जाते असं म्हणत नाहीत.
म्हणतात, घोडे बघून येते.

चोइबाल्सानचं इस्पितळ, खाट सात, त्सेरेनखांद.
टाके परवाचे. नळी सकाळी काढली,
तेव्हापासून थेंब नाही.
ओटीपोट पुन्हा वर आलंय,
जणू आत अजून कुणी राहून गेलंय.

मी नळ सोडून ठेवला. मांड्यांवर कोमट पाणी ओतलं.
ती फरशीकडे बघत बसली.
"दुल्माताई, भिंती फार आहेत इथे."
तिकडे बाळ तासातासाला दुपटं भिजवतं,
आणि सगळ्यांना त्याचं केवढं कौतुक!

पहाटे तीनला डॉक्टर म्हणाले, पुन्हा नळी घाला.
मी म्हटलं, दहा मिनिटं द्या.
न्हाणीची खिडकी बोटभर उघडली. बाहेर उणे वीस.
दिवा घालवला, पाठ फिरवली, विचारलं,
तुमचे घोडे कुठल्या रंगाचे गं?

"एक तांबडा."
मग बराच वेळ काही नाही.
"दोन करडे. एक घोडी, गाभण, तिला ना..."
आणि वाक्य तिथेच सोडलं तिने.

भांड्यात आवाज.
आधी चाचरत, मग सलग,
मग टाके ओढले गेल्याची एक शिवी.

खिडकी लावू का, मी विचारलं.
थांब, म्हणाली,
अजून एक राहिलाय.