चार भाग

सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो
हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.
तोवर बाजार म्हणजे कपिलतीर्थ,
आणि तिथं सव्वानऊला चांगली मेथी संपलेली असते.

गंगावेशीत, दुधाचा ग्लास एका हातात धरून
इरफान बागवाननं दुसऱ्या हातानं माझं खातं काढलं.
पॅन, आधार, सही केलेला कोरा कागद.
पहिल्या फोटोत माझे डोळे मिटलेले,
दुसऱ्यात मागून म्हैस आली.
"वारस कोण लावू?"
मी दचकलो.
अजून इस्टेट नाही पैची,
आणि वारस आधी.
वैजयंता, म्हटलं. नातं, पत्नी.

कुठला घ्यायचा, यावर उद्यमनगरात
प्रत्येक टपरीवर एक जाणकार बसलेला.
मी म्हटलं, हाताला माहीत आहे तेच घेऊ.
एकवीस वर्षं ज्या पंपाच्या केसिंगला
व्हर्नियर लावतोय,
त्या कंपनीचे चार.
सहाशे बाराला एक.
भिशीचे अडीच हजार आले होते,
उरल्या बावन्नातून दलाली गेली, कर गेला,
आणखी कशाकशाचं काय काय गेलं.
दुधाचे पैसे इरफाननंच दिले.

"कागद कुठाय?" वैजयंतानं विचारलं.
कागद नसतो.
"मग काय असतंय?"
आकडा.
ती भाकरी उलटत म्हणाली,
"पतसंस्था बुडाली तवा
पावती तरी होती हातात."

दुसऱ्या दिवशी पाळीला गेलो
तर तेच केसिंग, तीच वाळू, तोच भट्टीचा वास,
पण एका जॉबला कडेला बारीक छिद्र दिसलं
आणि खडू हातातच राहिला.
पास केला तर गळणारा पंप माझा.
फुली मारली तर तोटा शिरगुप्पे मालकांचा,
ज्यांचा पगार खातो.
शेवटी फुली मारली.
नेहमीपेक्षा जरा मोठीच आली.

मग श्रावणात कंपनीचं पत्र आलं.
मालकांनी ते भट्टीपाशी उभं राहून वाचलं,
चष्मा वर, मग खाली, मग परत वर.
किलोमागं सात टक्के कमी.
नाहीतर राजकोटवाले तयार आहेत.
मालक कुणाकडं न बघता बोलले,
"ह्या महिन्यापासनं ओव्हरटाइम बंद हाय, पोरांनो."
पोरं म्हणजे आम्ही. सगळ्यात लहान पोर एकोणचाळीसचं.

दुपारी डबा उघडायच्या आधी मी मोबाईल उघडला.
सहाशे एक्केचाळीस.
खर्च कपात, नफ्यात सुधारणा, असं खाली लिहिलेलं.
चार गुणिले एकोणतीस,
एकशे सोळा रुपये मी कमावले होते
मला मिळणाऱ्या तेवीसशेतून.
"काय बघतोस रे?" मालक मागं उभे.
"मॅच," म्हटलं.
"कोण जिंकतंय?"
भेंडीची भाजी होती. मी घास तोंडात घातला.

आता एक मेल आलाय.
'प्रिय भागधारक', अशी सुरुवात.
एवढ्या प्रेमानं मला शाळेतही कुणी हाक मारली नव्हती.
कुणा संचालकांची पुन्हा नेमणूक करायची आहे,
तुमचं मत द्या.
त्यांचा पगार दिलाय खाली, आकड्यात आणि अक्षरात.
अक्षरात तो दोन ओळी घेतो.

केसिंगचा दर किती असावा,
असा प्रश्न शोधला. खालपर्यंत गेलो.
नाही.

मशीनच्या तेलानं बोटांचे ठसे गेलेत माझ्या,
मोबाईल पहिल्या स्पर्शाला ओळखत नाही.
साबणानं, भुश्शानं हात धुऊन आलो,
पंख्याखाली वाळवले, परत बसलो.
दोनच चौकोन आहेत,
संमत, असंमत.

आमच्या टेबलावर तीन ढीग असतात.
पास. फुली.
आणि मधला, ज्यावर मी नुसता गोल काढतो,
म्हणजे टाकू नका,
परत घासायला पाठवा.

मुदत उद्या पाचपर्यंत आहे.
आत वैजयंता विचारतेय,
"इकणार हाईस काय त्ये?"
मी अजून स्क्रीनवर
गोल काढायला जागा बघतोय.