शब्दाला चौदा रुपये

गांधी चमनच्या कोपऱ्यावर माझं टेबल.
छोट्या जाहिराती घेतो, शब्दाला चौदा रुपये:
हरवलेली गुणपत्रिका, नावात बदल, बोअरची मशीन.
काल मोईनोद्दीन मिस्त्री आले, बोटं पुसत.
"लिहा भाऊ. गाडी इकायचीय.
जर्मन. दोन सीटची. छत नाही."

"छत नाही, असं नका सांगू," मी म्हणालो,
"छत उघडतं, असं लिहू."
"उघडतं. पण लावायला दोन माणसं लागतात,
आन् कचरू आता वाळूजला, लेकाकडं."

मॉडेल? एकोणसाठ.
रंग?
मिस्त्री उठले, समोरच्या हातगाडीवरून
एक मोसंबी आणून टेबलावर ठेवली.
"ही. नाही, अशी नाही, ही बाजू.
पिकायला आठ दिवस हायेत अजून."
त्या बाजूला शब्द सापडेना.
मी लिहिलं, पिवळा.

कोणी क्राउझ साहेब रोलिंग मिल उभी करायला आला होता.
मशीन बसली, साहेब गेला,
गाडी राहिली शेडमागं, सरकीच्या पोत्यांखाली.
मालक बदलत गेले. तिसऱ्यानं
अकरा महिन्यांच्या थकल्या पगारात
ती मिस्त्रींच्या गळ्यात घातली:
चार चाकं, त्यातली दोन बसलेली.

मग तीस वर्षं.
कार्ब्युरेटरची सुई सिकलकरानं घासली,
आरसा राजदूतचा,
छताचं कापड कचरू मंडपवाल्यानं शिवलं,
आतून अजून दिसते कुणाच्या तरी लग्नाची लाल झालर.
"हे टाकायचं का?"
"किती शब्द होतील?"
मी मोजायला लागलो.
"राहू द्या."

भंगारवाले आधीच येऊन गेलेले.
या गावात जहाजंसुद्धा येतात, तुकड्यातुकड्यांनी,
रात्री भट्टीत जातात,
सकाळी सळई होऊन निघतात कुणाच्या तरी स्लॅबकडं.
"किलोनं भाव लावला," मिस्त्री म्हणाले.
"काट्यावर चढवली पण होती मी.
साडेआठशे भरली.
मग उतरवली."

पुण्याच्या एकानं फोनवर विचारलं,
ओरिजिनल किती आहे?
"म्हणलं, साहेब, माझ्या उजव्या डोळ्यात
घाटी दवाखान्याचं भिंग हाय.
त्यानं फोन ठेवला."

"चालते का पण?" मी विचारलं.
बोलायलाच नको होतं.
मेच्या चार वाजता अंबड रोडला आम्ही दोघं,
डोक्याला ओले टॉवेल, बुडाखाली तवा.
पाण्याच्या टँकरवाल्यानं गाडी हळू केली,
खिडकीतून वाकून बघितलं,
आणि कधी नव्हे तो आम्हाला पुढं जाऊ दिलं.
मिस्त्री काही बोलले नाहीत.
गिअर बदलताना फक्त
लहान पोराचा हात धरावा तसा
दांड्यावर हात ठेवायचे, दाबायचे नाहीत.
सिमेंटच्या रस्त्यावर आमची सावली
बिनडोक्याच्या गाडीवर दोन डोकी.

परत आल्यावर त्यांनी खोडायला लावलं.
साल, सीट, छत, सगळं.
राहिलं ते असं:
जर्मन गाडी. पिवळी. चालू. भेटून बोला.
सहा शब्द, चौऱ्याऐंशी रुपये.
शंभर दिले, सुट्टे घेतले नाहीत.

रात्री मजकूर पाठवताना लक्षात आलं,
नंबर नाही, पत्ता नाही.
त्यांनी सांगितला नव्हता.
मी विचारला नव्हता.
टेबलावर मोसंबी तशीच,
ती बाजू माझ्याकडं.
पाठवून दिला.