मी आलो

रात्री नऊला लॉगिन करतो.
शाहूपुरी, वरचा मजला, खाली मिरचीकांडप.
गिरणी बंद झाली तरी जिन्यात ठसका उरतो.
कंपनी परदेशातली. काम एवढंच :
खोटं कोण, ते सांगायचं.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी एकेचाळीस फूट दोन इंच.
त्या दिवशी तीनशे बारा कोल्हापूरकर
एकाच मिनिटाला बोलायला लागले :
धरणाचे दरवाजे मुद्दाम उघडले,
अमुक पेठ बुडवायची आहे, तमुक वाचवायची आहे.
खाली फोटो. त्यातला पूल लोखंडी.
आमचा दगडी.
एकानं लिहिलेलं, 'पंचगंगाचा पाणी'.
अरे, नदीला बाप्या केलास की.

आणि रोज दुपारी साडेतीनला
सगळे एकदम गप्प. सव्वाचारला परत सुरू.
लॉगच्या रकान्यातून
कुठल्यातरी लांबच्या कॅन्टीनचा वास यायचा.

त्याच आठवड्यात पाटबंधारे खात्यातल्या
आवळेसाहेबांना मेल :
'पूररेषेचा सुधारित नकाशा सोबत जोडला आहे, तरी अवलोकन व्हावे.'
'अवलोकन व्हावे'! इतकं घोटीव सरकारी मराठी
कुणीतरी पगार घेऊन शिकवलं असणार.
आम्ही वर लाल पट्टी लावली :
सरकारी पाठबळ असलेले हल्लेखोर
तुमचा पासवर्ड चोरू पाहत असतील.
साहेबांनी पुतण्याला फोन लावला,
ही पट्टीच खोटी नाही ना रे?
चुकलं काय त्यांचं.

टोळीला कंपनीनं एका पक्ष्याचं नाव दिलंय.
सरकार कुठलं, ते अहवालात सहाव्या पानावर
'बहुधा' या शब्दाच्या आडोशाला उभं आहे.
आपलंच असतं तर? मी मीटिंगमध्ये बोलून गेलो.
सगळ्यांचे माईक बंद होते.

यादी तयार. बटण दाबायचं बाकी.
तीनशे तेरावं नाव : बाळाबाई तोडकर, चिखली.
खोटी असण्याची शक्यता शहाण्णव टक्के.
कारण : नाव बाईचं, क्रियापदं पुरुषाची.
'पाणी उंबऱ्याला लागलंय.
मी म्हशी घेऊन पुलाकडं चाललो.
पोरगा येईस्तोवर थांबतो.'

हसू आलं. मग बोट थांबलं.
रात्री दोनला परदेशी साहेबाला समजावत बसलो :
आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात,
मी येतो, मी जेवलो, मी दमलो.
पुण्यात लोक हसतात.
शाळेत देसाईबाईंनी याच्यासाठी पट्टी मोडलेली.
साहेब म्हणाला, संदर्भ पाठवा.
संदर्भ कुठला पाठवणार?
कॅमेरा चालू केला.
विस्कटलेली वेणी, मांडीवर झोपलेली लेक.
म्हटलं, मी श्रीदेवी मगदूम.
दोन वर्षं तुमच्याकडं आहे.
आज समोर आलो.

साहेब जरा वेळ बोललाच नाही.
तुम्हीही, वाचता वाचता,
मला कोण समजला होता?

खोट्या खात्यांत बायका एकशे चाळीस.
सगळ्या शुद्ध : मी गेले, मी घाबरले, मी पाहिले.
एकीचीही चूक नाही.
एकीच्याही म्हशी नाहीत.

बटण दाबलं. तीनशे बारा गेले.
उद्या तीनशे येतील, नवी नावं, नवे चेहरे,
पूल या खेपेला दगडी असेल.
अहवालात हा क्रियापदाचा नियम लिहायचा का?
लिहिला तर पुढच्या पुराला
तेही म्हणतील, मी आलो.
ती ओळ खोडून टाकली.
इथं सांगितलंय, ते आपल्यात ठेवा.

पाचव्या दिवशी बाळाबाईंची ओळ दिसली :
'पाणी उतरलं. भिंत गेली. म्हशी हाईत.
मी घरला आलो.'
खाली अकरा जणांनी हात जोडलेले.
कोण खरे, कोण खोटे,
त्या रात्री तपासत बसलो नाही.