डावखुरी

ताळगावच्या पठारावर, दुसऱ्या मजल्यावर,
मी गेली चार वर्षं एक खिसा शिवतेय.
एवढुसा. एका धातूच्या अणूभोवती.
त्यात एकच हात शिरावा,
डावा.

सामान इथलंच. केप्याहून आणलेली भिरंडाची सालं,
त्यांचं आम्ल मुळातच एका अंगाला कललेलं.
झाडाला कुणी शिकवलं नव्हतं,
तरी ते दर वर्षी त्याच कुशीवर निजतं.
मी त्याला फक्त एक अवजड खांदा जोडते,
उजवीकडून येणाऱ्याची वाट अडावी म्हणून.

पहिल्यांदा कागदावर दोन शिखरं आली,
जुळ्यांसारखी, एका उंचीची.
कुंकळ्येकर सर म्हणाले, समसमान म्हणजे शून्य.
खांदा वाढवला: बासष्ट टक्के.
उणे चाळीस अंशांवर, वीज गेलेल्या रात्री,
सगुण ड्राय आइसचा खोका मांडीशी धरून बसला:
एकाहत्तर.
मग तीन महिने एकाहत्तर.

"बाय, दोनूय एकूच न्ही?" सगुणने विचारलं.
मी त्याला दोन कुप्या हुंगायला दिल्या.
एकीत पुदिना.
दुसरीत नाक घातलं आणि तो गप्प झाला.
बाळंतशोपा.
त्याच्या घरी तेव्हा ओली बाळंतीण होती.
तोच रेणू, मी म्हटलं, आरशातला.

दुसरीत असताना, फोंड्याच्या शाळेत,
डाव्या हाताने लिहिते म्हणून
माझ्या बोटांवर पट्टी बसायची.
उजवा हात शिकला. अक्षर अजून परकंच वाटतं.
आणि आता मीच दारात उभी राहून
येणाऱ्याचे हात तपासते.

एका मंगळवारी टोल्युइन संपलं.
कपाटात इथर होतं, तेच ओतलं.
चौऱ्याण्णव!
सर खुर्चीतून उठले, चष्मा पुसून पुन्हा वाकले.
मोठं शिखर अकराव्या मिनिटाला नव्हतं,
चौदाव्याला होतं.
खिसा तोच, खांदा तोच,
भोवतालचं द्रावक तेवढं बदललं
आणि आत शिरला तो उजवा.

"का?" सरांनी विचारलं.
खिडकीतून झुआरी दिसत होती, भरती की ओहोटी
इतक्या लांबून कळत नाही.
वहीत तारीख लिहिली, तापमान, द्रावक.
कारणाची ओळ कोरी ठेवली.

तळाशी उत्प्रेरक उरला होता, घातला तेवढाच,
कुणाचीही बाजू घेतल्याची
त्याच्यावर खूण नव्हती.
सगुण फ्लास्क उचलत म्हणाला, "हें उडोवूं?"

राहू दे, मी म्हटलं,
आणि लेबल लिहायला पेन घेतलं
डाव्या हातात.